जावयाचे बैल

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थोरल्या मुलीसाठी स्थळ बघताना मुलगा पाहिलाच नाही असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. पाहिला. पण बैल पाहून झाल्यावर.

आबांचा एक सिद्धान्त होता. माणूस खोटं बोलतो, त्याचे सोयरे तर त्याहून खोटं बोलतात, पण बैलाची पाठ खोटं बोलत नाही. ज्याच्या बैलाच्या अंगावर वळ नाही, पराणीची आर टोचल्याची खूण नाही, त्याच्या घरी पोर डोळे मिटून द्यावी. हा सिद्धान्त त्यांनी गावात कितीतरी जणांना फुकट वाटला होता, आणि गिरणाकाठच्या आमच्या गावात आबांचा शब्द म्हणजे तलाठ्याच्या शिक्क्यासारखा. त्यामुळे भडगावच्या आसपास त्या काळात जेवढी लग्नं जमली, त्यातली निम्मी तरी गोठ्यात जमली असावीत. मुलींना कुणी विचारत नव्हतं, तशी बैलांनाही काही कल्पना नव्हती.

अक्काचं स्थळ आलं ते थेट तापीपलीकडचं, शिरपूरजवळचं. कपाशीचं घर, माणसं मोजकी, सासू देवभोळी. आबा गेले, पाण्याचा तांब्यासुद्धा न घेता गोठ्यात शिरले आणि तिथेच विरघळले. निमाडी बैलांची जोडी होती. परत आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी चार माणसांत सांगितलं, "पाठ देखी, आरसा शे आरसा! जो मुक्या जनावरले हात लावत नही, तो मनी पोरले काय लावी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटी फुई म्हणाली, "बैलले पैसा पडतस."

फुई म्हणजे आबांची मोठी बहीण. तरुणपणीच सासरहून परत आली होती आणि आमच्याकडेच राहायची. गाव म्हणायचं, हिला नवऱ्याने टाकली. ती म्हणायची, "त्यानं माले नही टाकं, मी त्याले टाकं." बाजाराच्या दिवशी नवऱ्याला बैलगाडीत झोपलेला सोडून, स्वतःचं बोचकं घेऊन ती पायी माहेरी निघून आली होती. असं करणाऱ्या बाईचं शुभकार्यात कोण ऐकणार? तिला चुलीजवळ पाठवलं आणि लग्न ठरलं.

लग्न थाटात झालं. मी तेव्हा चौथीत होते. नवरदेव दिसायला खरंच छान होता, बोलायला मऊ. वरातीत बैलांच्या शिंगांना बेगड लावला होता आणि आबा मुलीपेक्षा त्यांच्याकडेच जास्त कौतुकाने बघत होते.

अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची अखाजी, हा खानदेशातल्या लेकींचा सण. त्या दिवसांत लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. पुरुषांनी पत्ते कुटावेत आणि बायकांनी झोक्यावर बसून सासरच्या नावाने बोटं मोडावीत, अशी दोघांना वाटून दिलेली मोकळीक. सासू कशी छळते, नणंद कशी चुगल्या सांगते, दळण कसं सरत नाही, हे सगळं चालीत, ठेक्यात म्हणायचं. ऐकणाऱ्यांनी वा वा म्हणायचं. मग मांडे आणि आमरस खायचा आणि जिची गाडी येईल तिने आपल्या सासरी निघून जायचं. वर्षाचं रडणं दोन दिवसांत, तेही सुरात उरकण्याची इतकी सोयीची व्यवस्था दुसऱ्या कुठल्या मुलखात असेल असं मला वाटत नाही.

अक्काचा आवाज आमच्या गावात सगळ्यात गोड. पहिल्या अखाजीला आली तेव्हा ती जरा वाळली होती, पण नव्या सुना वाळतातच, असं आमच्या मायने शेजारणीला सांगितलं. झोक्यावर बसून अक्काने स्वतः जुळवलेलं एक गाणं म्हटलं:

दयता दयता माले लागनी झपकी,
पाठवर उनी वं माय, लाकूडनी थपकी.

दळता दळता डुलकी लागली आणि पाठीवर लाकडाची थपकी आली. बायका खूश! थपकी शब्दावर तर एकजण लोळायची बाकी राहिली. "आवाज कितला गोड शे वं," म्हणून त्यांनी ते चार वेळा म्हणवून घेतलं. तिकडे ओट्यावर आबांनी पत्ते पिसता पिसता अभिमानाने पाहिलं. कुणाच्या मनात आलं नाही, की गाण्यातलं हे लाकूड कुणाच्या हातातून आलं. आमच्या गाण्यांमधली लाकडं अशीच असतात, स्वतःच्या पायाने चालत येतात.

मायच्या मनात आलं असावं. तिने पदराने डोळे टिपले आणि खापरावर मांडा टाकला. "दुसरानं घर शे," ती म्हणाली, "सोसनं पडस." आणि तिसऱ्या दिवशी अक्काला शिदोरी बांधून दिली.

याच सुमारास आमच्या गावात स्वातंत्र्यही चालू होतं. दर पंधरा ऑगस्टला शाळेपुढे झेंडा लागायचा आणि आबा खादीची टोपी घालून भाषण करायचे, की आता आपण कुणाचा मार खायचा नाही. आम्ही पोरी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. घरोघर मार खाऊन आलेल्या बायका मागे उभं राहून टाळ्या वाजवायच्या. भाषण छान असायचं, त्याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. पुढे दिल्लीत नवा कायदा झाला, बायकोलाही नवऱ्यापासून सुटका मागता येते म्हणे, अशी बातमी पेपरात आली. आबांनी ती ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवली आणि पेपरची घडी करून ठेवली. तो कायदा बहुधा भडगावपर्यंतच आला असावा, पुढे आमच्या गावाला मोटार नव्हती.

अक्काला तीन अखाज्या झाल्या. दर वर्षी गाणं नवं आणि अक्का जुनी दिसायला लागली. चौथ्या वर्षी चैत्रात गौराई बसली, तसं फुईने एक उद्योग काढला.

गौराई बसली की गावातल्या बिनलग्नाच्या पोरी संध्याकाळी आमच्या अंगणात गाणी शिकायला यायच्या. शिकवायची फुई. तिला शेकडो गाणी येत होती आणि तिचा नवरा सोडल्याचा इतिहास गाण्यांपुरता लोक माफ करत. मीही बसायचे, सातवी फायनलची परीक्षा नुकतीच होऊन गेली होती. त्या वर्षी फुई एक ओळ म्हणायची, आम्ही मागून म्हणायचो आणि मग ती मध्येच हात वर करायची. "थांबा. हाई गानं शे का खरं शे?"

आम्हाला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं. गाणं म्हणजे गाणं. पण ती सोडायची नाही. सासू उपाशी ठेवते अशी ओळ आली की थांबा. नवऱ्याने केस धरून ओढलं की थांबा. एका ओळीला अर्धी संध्याकाळ जायची. आधी आम्ही खिदळायचो. मग एक दिवस शेजारची पोर, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, हळूच म्हणाली, "खरं शे. मनी मायले." खरं आहे, माझ्या आईला. त्या दिवशी पुढचं गाणं झालं नाही.

तिच्या आईने दुसऱ्या दिवशी येऊन फुईला विचारलं, की पोरींना गाणी शिकवता की चहाड्या. फुई म्हणाली, गाणीच शिकवते, अर्थासकट. त्या बाईने पोरीला घरी नेलं. दोन दिवसांनी पोर आपणहून परत आली, तेव्हा आईने काही तिला अडवलं नव्हतं.

एकदा फुईने विचारलं, नवरा कसा हवा? आमच्या उत्तरांनी अंगण भरून गेलं. गोरा, विहीरवाला, जळगावला नोकरीला असलेला, सासू नसलेला. एकीला तर फक्त सायकल असलेला हवा होता. फुईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बठ्ठ्या आयका. त्याना पायना आवाज उना का हातमधलं भांडं पडाले नको. असा जोयजे."

सगळ्या ऐका, त्याच्या पावलाचा आवाज आला तर हातातलं भांडं पडू नये. एवढंच. आम्ही निराश झालो. इतकी मोठी म्हातारी, इतकं सोसलेली, आणि मागणं काय तर भांडं पडू नये. कुणीतरी म्हणालं, "मारस पन माया बी करस, असं म्हनतस ना फुई?" फुईने गोठ्याकडे बोट केलं. तुमचे बाप त्या बैलांवर माया करतात, तर कुठे आहेत त्यांच्या पाठीवर मायेच्या खुणा?

आम्ही सगळ्या वळून बैलांकडे बघायला लागलो. मीही खुणा शोधत होते, आणि मी शाळेत पहिली येत असे.

त्या अखाजीला अक्का आली ती झोक्यावर बसायला तयार नव्हती. पाठ दुखते म्हणाली. मायने तेल लावून देते म्हटलं तर नको म्हणाली. पहिला दिवस तसाच गेला. बायका हिरमुसल्या, इतका गोड आवाज आणि नखरे बघा.

दुसऱ्या दिवशी गौराईची बोळवण. दुपारी पंगत बसली होती आणि अक्का रसाची पातेली घेऊन वाढत होती. आम्ही सगळ्या पोरी एका ओळीत बसलो होतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घुंगरांचा आवाज आला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, ओळखीच्या. जावई अक्काला न्यायला आला होता.

अक्काच्या हातातली पातेली पडली.

रस सारा अंगणभर झाला. माय ओरडली, एवढा रस, बाई! अक्का खाली बसून हाताने रस गोळा करायला लागली, जमिनीवरून, मातीसकट. आणि पंगतीतल्या आम्ही पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी खिदळलं नाही.  मला इतका राग कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

जावयाचं स्वागत मात्र झकास झालं. त्याच्या बैलांना सावलीत बांधलं, सरकीची ढेप घातली. त्याला ओट्यावर लोडाशी बसवलं, हातात पत्ते दिले. आबांनी बैलांच्या तब्येतीची चौकशी केली. मुलगी आत होती, तिची चौकशी करण्यासारखं काही नव्हतं.

उन्हं कलली तशा बायका निंबाखाली जमल्या. उद्या ही जाणार, एक तरी गाणं म्हणू दे, म्हणून त्यांनी अक्काला ओढून झोक्यावर बसवलं. समोर हाकेच्या अंतरावर ओटा, ओट्यावर आबा, जावई आणि चार प्रतिष्ठित माणसं. अक्काने मान खाली घालून ते जुनंच गाणं सुरू केलं, झपकीचं. बायकांनी थपकीवर नेहमीसारखं हसून घेतलं.

फुई पुढे झाली आणि तिने झोक्याचा दोर धरला. झोका थांबला. "पोरी," ती म्हणाली, "हाई गानं शे का खरं शे?"

बायका आणखी हसल्या. फुईचं हे वेड आता सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. आम्ही पोरी तेवढ्या हसलो नाही. शेजारची ती अबोल पोर जाऊन अक्काच्या बाजूला उभी राहिली आणि तिने दुसरा दोर धरला.

"खरं शे, फुई," अक्का म्हणाली. गाणं म्हणताना तिचा आवाज जितका गोड होता तितकाच हा कोरडा होता. असा आवाज तिच्याकडे आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

"लाकूड कशानं?"

"चुल्हानं."

"कोन मारस?"

आमच्यात बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. अक्का चांगल्या घरची मुलगी, ती रीत तिने तेव्हाही पाळली. नुसतं ओट्याकडे बोट केलं.

पत्ते थांबले. जावई आधी हसला, मग इकडेतिकडे बघून मऊ आवाजात म्हणाला, "आबा, गानानं काय मनवर लेतस? बाया तं गातसच."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तीन वर्षं सगळ्या गावाने ते मनावर घेतलं नव्हतंच. आबा ओट्यावरून उतरले. चेहरा लाल. आता अक्काला चारचौघांत झापतात, असंच सगळ्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते त्यासाठीच उतरले होते. पण झोक्यापाशी फुई उभी होती.

"भाऊ," ती म्हणाली, "लगीननी येळले तू बैलनी पाठ देखी व्हती. आते पोरनी देख."

आबा जागच्या जागी थांबले.  अक्काकडे त्यांनी पाहिलंच नाही. वळले आणि सावलीत बांधलेल्या त्या बैलांकडे गेले. एकाच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला, मग दुसऱ्याच्या. आरसाच होता, काही शंका नाही. एक बैल त्यांचा हात चाटायला लागला.  गावाला भाषणं देणारा माझा बाप बैलाच्या मानेवर डोकं टेकून रडत होता, आणि मला त्याची कीव आली नाही. मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

परत आले तेव्हा त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं होतं. जावयाला म्हणाले, "पाव्हना, रस-पोळी खाईसन जा. पोरले आम्ही धाडत नही."

पाव्हणा रस-पोळी न खाताच गेला. जाण्याआधी आबांनी स्वतः बादलीने बैलांना पाणी पाजलं. त्यांचा काही अपराध नव्हता.

गावाने अर्थातच आपलं कर्तव्य केलं. पोर घरी बसवली, म्हातारीने नादी लावलं, एका गाण्यापायी संसार मोडला, असं म्हणून झालं. पंचांपुढे फारकत झाली. वर्षाच्या आत त्या माणसाला दुसरी बायको मिळाली. मिळणारच, बैल चांगले होते. अक्का पुढच्या अखाजीला झोक्यावर बसली, उंच झोके घेतले, पण ते झपकीचं गाणं काही तिने म्हटलं नाही. विसरले म्हणाली. एक चांगला गळा वाया गेला याचं बायकांना पुष्कळ दिवस वाईट वाटत होतं.

मी धुळ्याला मास्तरणीचं शिक्षण घेतलं आणि तिथेच मुलींच्या शाळेत लागले. गाण्याच्या तासाला मीही हात वर करून थांबवायचे. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा बोलावून समज दिली, की अभ्यासक्रमात हा प्रश्न नाही. मी म्हटलं, पाहिलंय मी, नाहीच आहे. तरी विचारत राहिले.

मग माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. धुळ्याजवळचंच स्थळ, मुलगा शिकलेला, घर मोठं, थोरल्या भावाचं लग्न झालेलं. आबा बघायला निघाले आणि बरोबर फुईला घेतलं. नवरा सोडलेली बाई स्थळ बघायला न्यायची, म्हणजे मांजर आडवं घेऊन निघण्यासारखंच. मायने कपाळाला हात लावला. तिथे काय झालं ते फुईने आल्यावर सांगितलं.

यजमानांना आबांची ख्याती माहीत होती. त्यांनी बैल सकाळीच धुऊन, पुसून, झूल काढून गोठ्यात उभे केले होते. आबा, गोठ्याकडे चला, म्हणाले. आबा म्हणाले, नको, बैल चांगलेच असतील. ते ओट्यावर बसून राहिले. आतून थोरली सून चहा घेऊन आली, पदर डोळ्यांपर्यंत. तिने कप ठेवला तसं आबांनी तिला थांबवलं.

"माय," ते म्हणाले, "अखाजीले तू काय गानं म्हनस?"

ती बिचारी गोंधळली. स्थळ बघायला आलेला म्हातारा असं काही विचारेल, हे तिला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे, जिथे तिचा नवरा उभा होता. मग ती कपाकडे बघत राहिली.

 आबा उठले, चप्पल घातली आणि चहा फार छान झाला म्हणाले.

फुई म्हणते, कप भरलेलाच होता.